दुरडीवरचं उपरणं

मनकर्णाच्या हातात माईक द्यायलाच नको होता, असं पुढे सोनखडीतली सगळीच म्हणाली. पण त्या सकाळी तो तिच्या हातात होता, देवळाचा भोंगा चालू होता, आणि मनकर्णाला एकदा बोलायला लागल्यावर आवरणं तिच्या नवऱ्याला पंचवीस-तीस वर्षांत जमलं नव्हतं, तिथं बाकीच्यांची काय कथा.

दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक एकामागून एक आले आणि गावातली धडधाकट माणसं भरून घेऊन गेले. ट्रकात खाली चारा, त्यावर भांडीकुंडी, त्यावर माणसं, फाळक्याला उलट्या बांधलेल्या कोंबड्या. धुरळा खाली बसला तेव्हा गावात कुलपं, कुत्री आणि म्हातारी माणसं तेवढी उरली. शेवगाव तालुक्याच्या या कोरड्या टोकाला दर हिवाळ्यात हे असंच चालतं.

मनकर्णा यंदा गेली नव्हती. मागच्या हंगामात तिचा नवरा बन्सी डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना घसरला आणि त्याचा गुडघा कामातून गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अर्धा कोयता कुठला मुकादम नेणार? मुकादमाने नुसतं "बरं हाय का पाव्हनं?" विचारलं आणि पुढच्या घरी गेला. बन्सीने त्या दिवशी दुपारी जेवणावर रागच काढला. मनकर्णाला मात्र आतून बरं वाटलं, कारण तिच्या डोक्यात मागच्या हंगामापासून भागूबाई बसलेली होती.

भागूबाई म्हणजे भिंतीपलीकडची म्हातारी. एका विरजणावर दोन्ही घरांचं दही लागायचं. मागच्या वर्षी मनकर्णा फडात मोळ्या बांधत होती तेव्हा फोन आला, भागूबाई गेली. कशाने, तर नुसतीच गेली. मयतीला जमलेल्या बायकांनी चूल बघितली तर राखेत मुंगळ्यांनी घर केलेलं. धडधाकट शेजारीपाजारी सगळे फडावर, आणि म्हातारीने कोणाच्या दारात जाऊन तोंड उघडलं नाही. मनकर्णा त्या दिवशी उसाच्या सरीत बसून मोठ्याने रडली होती. यंदा गावात राहायला मिळतंय तर यंदा एकही म्हातारं माणूस उपाशी झोपू द्यायचं नाही, एवढं तिने पक्कं ठरवलं.

ठरवलं की ती बसून राहणारी नव्हे. ती तडक काकासाहेबांच्या ओट्यावर गेली. काकासाहेब म्हणजे मारुतीच्या देवळाच्या ट्रस्टचे प्रमुख, पांढरीशुभ्र टोपी आणि कंबरेला कोठाराची किल्ली.

"काकासाहेब, सप्ताहाला आपन काय करतो? आमटी देवळात शिजती आन् भाकरी घराघरातनं येती. हजारो मानूस जेवून जातं. मंग रोज थोडी आमटी शिजवली तर काय बिघडंल? कढई हाय, मंडप हाय, कोठारात डाळ हाय."

"डाळ देवाची हाय."

"देव काय एकटा खानार हाय का?"

काकासाहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. किल्लीशी चाळा करत म्हणाले, "दत्तजयंतीपर्यंत देतो. तवर जागा मानसांनी भरली तर टोळ्या परत येईपर्यंत चालव. न्हाई भरली, आमटी कुत्र्यांनी खाल्ली, तर कोठाराला कुलूप. परत माझ्याकडं यायचं न्हाई."

मनकर्णा उड्या मारायचीच बाकी राहिली. बचत गटाची रोहिणी, तिचा नवरा दूध डेअरीवर असल्यामुळे ती गावातच असायची, तिला मनकर्णाने हाताला धरून ओढत आणलं. दोघींनी मिळून सप्ताहाची मोठी कढई वाळू-चिंचेने घासली, तेव्हा तिच्यात तोंड दिसायला लागलं. पऱ्हाट्यांचा भारा आला. कांदा चुलीत भाजला, खोबरं भाजलं, काळा मसाला वाटला. आमटीला पहिली उकळी फुटली तसा वास असा काही सुटला, की देवळामागच्या लिंबाखाली झोपलेला आसारामबापूचा बोकडसुद्धा उठून उभा राहिला.

"आता पुकारा करायचा," मनकर्णा म्हणाली. रोहिणीने बटण दाबून माईक तिच्या हातात दिला.

"हॅलो, हॅलो! ऐका हो! गावातल्या समद्या निराधार, गोरगरीब, ज्यांना कोनी बघत न्हाई अशा मानसांना कळवन्यात येतं, की त्यांनी मारुतीच्या देवळापुढं फुकट जेवायला यावं! आमटी झक्कास झालीया!" इथवर थांबली असती तरी निभावलं असतं. पण उत्साहाच्या भरात तिला वाटलं, नावं घेतली तर माणसाला बरं वाटतं. "भीमाबाई, तुमी या! आसारामबापू, तुमी या! आन् आमच्या रंगुआक्का, तुमी तर यायचंच, घरी एकल्या काय करताव!"

भोंग्याचं तोंड चारी दिशांना होतं. शेवटच्या वस्तीपर्यंत सगळं स्वच्छ ऐकू गेलं.

कोणी आलं नाही. दुपार झाली, ऊन मंडपातून सरकत पारापर्यंत गेलं, आमटीवर तेलाचा तवंग गोठला. रोहिणी ताटं पुसून पुन्हा पुन्हा रचत राहिली. शेवटी दोन कुत्री आली आणि मंडपाच्या दारात मान वाकडी करून बसली. काकासाहेब देवदर्शनाला म्हणून आले, कुत्र्यांकडे बघितलं, कढईकडे बघितलं, किल्ली चाचपली आणि निघून गेले. मनकर्णाला भर उन्हात मान खाली घालून ती आमटी बादलीबादलीने डेअरीवरच्या म्हशींच्या आंबोणात ओतावी लागली.

बन्सी घराच्या ओट्यावर गुडघा पसरून बसला होता. तरुणपणी तो घोडेगावच्या बैलबाजारात दलाल होता, दुष्काळांनी तो धंदा बसवला म्हणून त्याने कोयता धरला होता. पण बोलणं अजून बाजारातलंच.

"आगं, जेवायला बोलावलं का लिलाव पुकारला? दात पडल्यालं, पायानं अधू, असं बैलाचं बी चारचौघांत सांगत न्हाईत."

"मी चांगल्यापायी केलं!"

"बैल इकनारा बी चांगल्यापायीच वरडतो."

संध्याकाळी ती रंगूबाईच्या दारात गेली. रंगूबाई तिची थोरली जाऊ, अंगाने सडसडीत, नाकाने धारदार. मुलगा अमृत आणि सून सविता टोळीवर गेलेली, घरात ती एकटी. गावात तिच्या भाकरीचं नाव होतं. सप्ताहाला दुरड्या यायला लागल्या की रंगूबाई दारात बसायची, फडकं उचलायची आणि भाकरी बघून ती कोणाच्या घरची ते सांगायची. मनकर्णाची दुरडी आली की ठरलेलं वाक्य असायचं, "ही जात्याची तळी कुनी पाठवली?" मनकर्णाची भाकरी जाड व्हायची हे खरंच होतं. घाईच्या हाताची भाकरी.

रंगूबाईने दार बोटभर उघडलं. "मला कोनी बघत न्हाई व्हय गं?"

"आक्का, तसं न्हाई..."

"माझा ल्योक हाय. सून हाय. कनगीत बाजरी हाय, दळन भरल्यालं हाय. अख्ख्या गावाला भोंग्यावर सांगितलंस रंगू भिकारीन झाली म्हून!"

दार लागलं. मनकर्णा घरी आली आणि पाण्याचा हंडा उगीचच आदळून ठेवला. चूक तिची होती आणि ती तिला कळलीही होती, पण चूक कळली म्हणून स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"आवतन दिलं पायजे," ती बन्सीला म्हणाली. "आवतनाबिगर कोन जेवायला येतं? आपन तरी जातो का?"

दुसऱ्या दिवशी भोंग्याला हात लावला नाही. ती आणि रोहिणी, दोघी कपाळाला कुंकू लावून, डोक्यावर पदर घेऊन, लग्नाला निघाल्यासारख्या घरोघर गेल्या. उंबऱ्यावर हळदकुंकू ठेवायचं आणि म्हणायचं, "देवळात आमटी केलीया, घरचंच समजून या." माणसं ओशाळली, हसली, "येतो की" म्हणाली. आणि खरंच आली! भीमाबाई नवं लुगडं नेसून आली. आसारामबापू काठी टेकत, मिशीला तेल लावून आला. मनकर्णा या टोकाकडून त्या टोकाकडे नुसती पळत होती. वाढताना आग्रह असा की भीमाबाईने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. रंगूबाई आली नव्हती, पण पंगत बसली होती आणि मनकर्णाला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली. पुढे त्याच्याही निम्मी. आवतण घेऊन गेलं की कोणाचं पोट भरलेलं, कोणाचा उपास, कोणाच्या पोटात गुबारा धरलेला.

आसारामबापू तेवढा खरं बोलला. "पोरी, लग्नाची पंगत एक दिवस असती. रोज रोज कोन जातं दुसऱ्याच्या मांडवात? लोक काय म्हनतील, म्हातारं आयत्यावर बसलं." मग थोडा विचार करून म्हणाला, "माझी भाकरी मी आनीन. आमटी तुमची घेईन. चालंल का?"

"चालंल? बापू, पळंल!"

आणि त्याने दुसऱ्या दिवशी उपरण्याच्या टोकाला भाकरी बांधून आणली, ताट मांडून त्यात रुबाबात ठेवली. "वाढा आता." हे बघितल्यावर बाकीच्यांचं भाकरीचं गाठोडं निघायला वेळ लागला नाही. आपली भाकरी मांडीवर असली की ताठ बसता येत होतं, आमटी दोनदा मागता येत होती, मीठ कमी पडलंय म्हणून नाव ठेवता येत होतं. भीमाबाईने नाव ठेवलं तेव्हा मनकर्णाला एवढा आनंद झाला की तिने तिलाच मिठाचा डबा दिला. "उद्यापास्नं मीठ तुमीच टाकायचं." भीमाबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन कढईजवळ बसली. एकजण लसूण सोलायला लागला, एकजण जाळ सारायला. मंडपात गप्पा, खोकले, हसणं. रोहिणी म्हणाली, "मावशी, हे तर सप्ताहासारखंच झालं की!"

पण मनकर्णाचं लक्ष मोकळ्या जागांकडे होतं. अर्धा मंडप रिकामाच राहत होता, आणि दत्तजयंती आठवड्यावर आली होती. येत होते ते कोण? ज्यांना भाकरी करता येत होती ते. ज्यांच्या घरी पीठ होतं, हाताला थापायचं बळ होतं, ते. आणि जे येत होते तेही एकमेकांच्या ताटात डोकावायचे. याची करपलेली, त्याची कालची शिळी, हिची चतकोरच. एका म्हाताऱ्याला शिळी भाकरी आणली म्हणून कोणी हसलं, तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते घरातच बसले होते. भागूबाई जिवंत असती तर तीही आली नसती, हे मनकर्णाला एका सकाळी आमटी ढवळता ढवळता एकदम कळलं. तिच्या हातातला डाव थांबला.

त्याच सकाळी तिला आणखी एक गोष्ट उमगली. रंगूबाईच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज कधीपासून ऐकूच आलेला नव्हता. काठवटीवरचा तो थपथप आवाज, आळीतल्या सगळ्यांना वेळ सांगणारा. ती डाव रोहिणीच्या हातात देऊन निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत रंगूबाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. काठवटीत भिजवलेल्या पिठाचा गोळा होता, अर्धवट थापलेला, मधोमध चिरलेला. शेजारी तसेच दोन-तीन वाळून दगड झालेले गोळे. चूल थंड. पिठाचा डबा खरंच भरलेला होता, तिने दारातून खोटं सांगितलं नव्हतं. रंगूबाईला चाहूल लागली आणि तिने दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले, पण मनकर्णाने बघितलं. बोटं आकड्यासारखी वाकलेली होती, सांधे सुजून लाल झालेले. ती बोटं सरळ होतच नव्हती.

"आक्का!"

"थंडीनं आखडल्यात. ऊन पडलं की सुटतील."

"कवापास्नं?"

रंगूबाईने हात पदराखाली आणखी आत ओढले. गालफडं आत गेलेली होती, लुगडं खांद्यावर सैल पडलं होतं. मनकर्णा तिच्याजवळ बसली आणि तिला रडू यायला लागलं.

"रडू नको. काय खाते विचारू नको. शेंगदानं खाते, पीठ कालवून पिते, मरत न्हाई." मग आवाज खाली आला. "साऱ्या गावाला भाकरी शिकवली मी. आता हात पसरून दुसऱ्याची भाकरी घ्यायला येऊ? मनकर्णे, कुनाला सांगितलंस तर माझं मेलं तोंड बघशील."

"न्हाई सांगत. पन माझ्या घरचं ताट आनते..."

"ताट आनलंस तर म्हशीला घालीन."

ती घालीलही, हे मनकर्णाला माहीत होतं. ती घरी आली ती संतापाने लाल होऊन. कोणाचा संताप ते तिलाही सांगता आलं नसतं. बन्सी उन्हात बसून गुडघ्याला तेल चोळत होता. तिने सगळं सांगितलं नाही, शपथ घातलेली होती. एवढंच म्हणाली, "ज्याच्याकडं भाकरी न्हाई त्यानं काय करायचं हो? समद्यांच्या डोळ्यांदेखत रिकाम्या हातानं कसं यायचं?"

बन्सी तेल चोळत राहिला. मग त्याने खुंटीवरचं जुनं उपरणं मागितलं. तांबड्या काठाचं, घोडेगावच्या दिवसांतलं, त्याने ते कधी टाकू दिलं नव्हतं.

"हात आन."

"काय करताव?"

"आन म्हनतो न्हवं." त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि वरून उपरणं टाकलं. उपरण्याखाली तिची दोन बोटं दाबली, मग एक. "सांग, बैलाचा भाव किती झाला?"

"मला काय कळतंय!"

"तुला कळंल, मला कळंल. ह्या पारावर गर्दी उभी असली तरी तिला कळायचं न्हाई. भर बाजारात, शंभर डोळ्यांत सौदा व्हायचा. बैल कितीला गेला ते घेनाऱ्याला ठावं आन् देनाऱ्याला. कुनाची पत गेली न्हाई, कुनाची पत वाढली न्हाई." त्याने उपरणं झटकलं. "आगं, दुरडीवर टाक की हे. ज्यानं त्यानं खाली हात घालायचा. भाकरी ठिवली का न्हाई, कोन बघतंय?"

मनकर्णाने उपरणं त्याच्या हातातून ओढून घेतलं. मग ओरडली. शेजारच्या कोंबड्या फडफडल्या. "आन् मंग समद्यांच्या भाकरी एकाच दुरडीत! वाढायच्या त्यातनंच! कुनाची करपली, कुनाची शिळी, कळायचंच न्हाई!"

"आधी चार तुझ्या टाकून ठिव बुडाला. दुरडी रिकामी वाजली तर सौदा मोडतो."

"चार? चुलीवर दोन तवे टाकते मी!" असं म्हणून तिने बन्सीच्या तेलकट गुडघ्यावर अशी थाप मारली की तो कळवळला.

पुढचे सगळे दिवस ती आणि रोहिणी पहाटे उठून कोठारातल्या बाजरीच्या भाकरी थापत राहिल्या. रोहिणी देवळाच्या, मनकर्णा स्वतःच्या चुलीवर, म्हणजे कोणाला धूर एकाच जागी दिसायला नको. दुरडीच्या बुडाला त्या भाकरी आणि वर तांबड्या काठाचं उपरणं, चारी बाजूंनी लोंबणारं. दुरडी मंडपाच्या दारात दगडावर ठेवायची, मनकर्णाने मागे बसायचं, कड धरून. येणाऱ्याने हात आत घालायचा, काढायचा, आणि जाऊन बसायचं. पहिल्या दिवशी आसारामबापूने दोनदा खाली वाकून बघायचा प्रयत्न केला. बन्सी स्टुलावर बसला होता, त्याने आवाज टाकला, "बापू, सौद्यात डोकावायचं न्हाई!" सगळे हसले आणि नियम कायमचा ठरला.

शिळी भाकरी आणणारा म्हातारा परत आला. वरच्या वस्तीवरची दोन माणसं आली, जी आजवर आवतण घ्यायलासुद्धा बाहेर आली नव्हती. त्यांचे हात उपरण्याखाली गेले आणि आले. मनकर्णा कड धरून बसलेली असायची, दुरडी जड झाली की नाही हे तिला बरोबर कळायचं. पण ती प्रत्येकाला एकाच आवाजात म्हणायची, "बसा, बसा, वाढतेच." मंडप भरत चालला. रंगूबाई मात्र आली नाही. मनकर्णा रोज तिच्या उंबऱ्यावर हळदकुंकू ठेवून दुरडीची आणि उपरण्याची गोष्ट मोठमोठ्याने रोहिणीला सांगत असल्यासारखी सांगून यायची. दार लोटलेलंच राहायचं. आळीत थपथप ऐकू यायची नाही.

दत्तजयंती उजाडली. थंडी हाडात शिरणारी, पण मंडप सकाळपासून गजबजला. आमटीत आज भीमाबाईने मिठाबरोबर स्वतःच्या घरचं खोबरंही टाकलं होतं. ऊन चढलं तशी माणसं आली, काठ्या आल्या, खोकले आले. पंगत भिंतीपर्यंत गेली, वळली, आणि परत दारापर्यंत आली. काकासाहेब कंबरेला किल्ली लावून आले. बसायला जागा शोधावी लागली, म्हणून आसारामबापूने त्यांना ओढून शेजारी घेतलं. जागा भरली होती, दैवाने हात दिला होता, कुलूप लागणार नव्हतं. तरी मनकर्णाचं लक्ष रस्त्याकडे. भागूबाईच्या घराचं कुलूप तिथून दिसत होतं आणि त्याच्या पलीकडचं रंगूबाईचं दारही.

ते दार उघडलं.

रंगूबाई रस्त्याने आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि पदराखाली बगलेत धरलेलं फडक्याचं गाठोडं, चांगलं फुगलेलं. मंडपातलं बोलणं थांबलं. ती सरळ दुरडीपुढे आली, कोणाकडे न बघता खाली बसली, आणि गाठोड्यासकट दोन्ही हात उपरण्याखाली घातले.

मनकर्णाचा हात आतून कडेवर होता. दुरडी जड झाली नाही. फडकं रिकामंच होतं, घडी घालून फुगवलेलं. उपरण्याखाली ती वाकडी, थंडगार बोटं चाचपडत आली, त्यांना मनकर्णाचा हात सापडला, आणि त्यांनी तो दाबला. घट्ट. सोडलाच नाही. मनकर्णाचे डोळे भरून आले. तिनेही उलट दाबला, जपून, सुजलेल्या सांध्यांना दुखू नये असा.

"दोन आनल्यात," रंगूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

"आक्का, दोन कुठल्या, लई दिसत्यात!" मनकर्णाचा आवाज चिरकला. "आन् गरम हायत अजून!"

"गरमच आसनार. शिळं मी कवा आनलंय?"

ती उठली आणि भीमाबाईने सरकून दिलेल्या जागेवर ताठ बसली. वाढप सुरू झालं. रोहिणी आमटीची बादली घेऊन, मनकर्णा दुरडी घेऊन. वाफा निघत होत्या, भाकरी मोडल्याचा आवाज, कुस्कर, भुरके. काकासाहेबांनी ताटातली भाकरी उचलली, उजेडात धरली, एक तुकडा आमटीत बुडवून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"ही रंगुआक्काची," ते म्हणाले. "डोळं झाकून सांगतो. सप्ताहाची चव."

मनकर्णा जागच्या जागी थिजली. ती भाकरी तिने पहाटे स्वतः थापलेली होती. तिला तिची कड ओळखू येत होती.

रंगूबाईने काकासाहेबांच्या ताटातली भाकरी नीट बघितली. मग आपल्या ताटातली बघितली, वाकड्या बोटांनी तळव्याचा आधार देत एक तुकडा मोडला, आमटीत कालवला आणि चावून चावून खाल्ला. कितीतरी दिवसांनी तिच्या घशाखाली गरम घास गेला. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "माझीच." आणि दुसरा घास घेता घेता नाक उडवून पुढे म्हणाली, "जरा जाड झाली आज. घाई झाली."

बन्सी स्टुलावर खाली मान घालून गदागदा हसत होता. काकासाहेबांनी जेवण झाल्यावर कंबरेची किल्ली सोडून दुरडीत, उपरण्याखाली हात घालून ठेवली, आणि त्यांनी नेमकं काय ठेवलं ते कोणी विचारलं नाही.

उठताना रंगूबाई मनकर्णाजवळ थांबली. तोंडाला पदर लावत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्या पातळ थापीन."

"व्हय आक्का," मनकर्णा म्हणाली. "पातळ थापा."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, चुलीपुढे बसून, आयुष्यात पहिल्यांदा घाई न करता, तिने भाकरी पातळ थापली.